मदत हवी आहे: मुखपृष्ठावर लाल टिक, मावसभाऊ मुंबईला

मंडळी, फोंड्यातल्या आमच्या देवस्थानाची वेबसाइट मी आणि मडगावचा मावसभाऊ ड्रीमवीव्हरवर (वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर) सांभाळतो. आधी सरळ एफटीपीने (सर्व्हरवर फाइली पाठवायची पद्धत) फाइली चढवायचो. एकदा मी मध्यरात्रीपर्यंत जागून पालखीचं वेळापत्रक चढवलं, सकाळी ह्याने आपल्याकडची जुनी फाइल त्यावर टाकली. मेहनत पाण्यात, वर भटजींचा फोन! तेव्हापासून ड्रीमवीव्हरचं चेक इन-चेक आउट सुरू केलं, म्हणजे एकाने फाइल कामाला घेतली (चेक आउट) की परत देईपर्यंत (चेक इन) दुसऱ्यासाठी तिला कुलूप.

आता नवीनच लफडं. परवा त्याने मुखपृष्ठ चेक आउट केलं, लगेच वीज गेली (पावसात आमच्याकडे हे नेहमीचंच) आणि लॅपटॉप बंद पडला तो पडलाच. तो दुरुस्तीला देऊन स्वारी मुंबईला गेली. माझ्याकडे त्या फाइलपुढे लाल टिक (दुसऱ्याने फाइल घेतल्याची खूण), त्याच्या नावाने.

फाइलझिला (एफटीपीचं सॉफ्टवेअर) लावून सर्व्हरवर पाहिलं तर इंडेक्स.एचटीएमएल ह्या मुखपृष्ठाच्या फाइलशेजारी त्याच नावाची .एलसीके (कुलपाची) फाइल दिसते. ती उडवली तर कुलूप सुटेल ना? की ड्रीमवीव्हरमधूनच त्याचं चेक आउट मोडून मी घेऊ? लॅपटॉप सुरू झाल्यावर त्याची अर्धवट प्रत माझ्या फाइलवर चढणार नाही, ह्याची काळजी कशी घ्यायची?

गिट (फाइलींच्या जुन्या-नव्या आवृत्त्या सांभाळणारं सॉफ्टवेअर) शिका असं सांगणार असाल तर मी तयार आहे, भाऊ नाही. चतुर्थीचा कार्यक्रम ह्या आठवड्यात चढवायचाय.