डोंगरवाल्यांना अनुदानाची चटक? अकोले तालुक्याकडून उत्तर

खाचरवाला: काल एका शहाण्यानं लिहिलं, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात सरकारनं शेततळी दिली, पाणी जिरवायला उतारावर चर खोदून दिले, तरी उन्हाळ्यात टँकर लागतोच, म्हणजे माणसंच आळशी, अनुदानाची चटक लागलेली. डोकं फिरलं म्हणून लिहितोय. २०१६ ची योजना, नाव 'मागेल त्याला शेततळे', अट मात्र तेव्हा ०.६० हेक्टर जमीन नावावर पाहिजे होती. आमच्याकडं भाताची खाचरं परातीएवढी, सातबारा सामायिक, त्यावर चौदा नावं. त्यातून तेव्हाचं ५० हजार अनुदान मिळणार होतं ते खोदून झाल्यावर. दोन फुटावर कातळ लागतो, जेसीबीवाला जागा बघून चहा पिऊन परत गेला. चहाचे पैसे पण आमचेच.

माळरान: रडगाणं. हिवरे बाजार आपल्याच जिल्ह्यात ना? पाऊस तुमच्यापुढं चिमूटभर. चराईबंदी पाळली, कुऱ्हाडबंदी पाळली, झालं गाव पाणीदार.

घाटघरचा पाव्हणा: हिवरे बाजार पण आदर्श गाव योजनेतूनच वर आलं बरं का, तेव्हा ती चटक नव्हती वाटतं. आणि पाण्याचंच काढलंय तर भंडारदरा धरण १९२६ ला पूर्ण झालं, तेव्हापासून पाऊस आमच्या डोक्यावर अन् पाणी प्रवरेनं खाली उसाला.

उसवाला श्रीरामपूर: आला ऊस! कुठलाही धागा असो शेवटी उसावरच येता. आम्ही पाणीपट्टी भरतो, कालव्याच्या पाण्याची पाळी, म्हणजे आवर्तन, लांबलं की डोळ्यादेखत पीक जळतं, माझा दोन एकर असाच गेला. निळवंडे धरणाच्या कालव्यात पाणी यायला २०२३ उजाडलं, खालच्यांनी पण पिढी घालवलीय.

घाटघरचा पाव्हणा: तुमचं आवर्तन लांबतं हो, आमच्या आजीला ओट्यावरून धरण दिसायचं आणि हंडा घेऊन ती जायची उलट्या बाजूच्या झऱ्यावर. सांगा तिला पाणीपट्टीचं.

उसवाला श्रीरामपूर: आजीला मधी आणलं की संपला वाद. धरण मी बांधलं का?

निवृत्त कृषी सहायक: अरे मूळ विषय काय होता. मी स्वतः चर काढून घेतलेत. टार्गेट हेक्टरात यायचं, मार्चच्या आत संपवा, मग उतार कोण बघतो, रेषा मारून मोकळे. पहिल्याच पावसात निम्मे गाळानं बुजले, ती चूक आमची. पण उरलेल्यात रोपं लावली तर दिवाळीनंतर ढोरं कुणी सोडली? मी रात्री हाकलत होतो.

माळरान: घ्या, हेच तर म्हणत होतो मी.

खाचरवाला: तुम्ही त्या शहाण्यासारखं आळशी म्हणत होता, हे वेगळं. ढोरांचं मान्य, एक म्हैस आमच्या थोरल्या चुलत्याचीच होती. त्या सामायिक सातबाऱ्यावर आमच्या घरातून नाव पण त्याचंच, वाटणी झाली २०२० ला, आणि केंद्राच्या पीएम किसान योजनेला सातबाऱ्यावर नाव पाहिजे १ फेब्रुवारी २०१९ च्या आधीचं. म्हणजे बापाला वर्षाचे सहा हजार नाहीत, चुलत्याला आहेत आणि म्हशीला सरकारी झाडपाला. लाभार्थी एकाच घरात निघाले बघा.