मदत हवी आहे: दोन्ही टाचा दुखतात, कारण सापडत नाही

नमस्कार मंडळी. मी डिचोलीचा, वय 38. गणेश चवथीपासून दोन्ही टाचा दुखताहेत. सकाळी खाटेवरून पाय खाली टेकवला की खिळा घुसल्यासारखं होतं. डॉक्टरांनी एक्स-रे पाहून 'हाड वाढलंय' म्हटलं, मऊ चपला आणि गोळ्या दिल्या. मासे बंद करून बघा, असंही सांगितलं (गोंयकाराला ही शिक्षाच!). पण युरिक ॲसिड 5.4, म्हणजे ठीकच आलं. साखर, थायरॉइड ठीक. बी-12 कमी होतं, इंजेक्शनं घेतली. मुंग्या गेल्या, दुखणं तसंच.

टाचेचं वाढलेलं हाड न दुखणाऱ्या माणसांतही दिसतं. मला खटकतं ते वेगळंच. पहाटे कंबर आखडते, तासभर तरी सुटत नाही. पडून राहिलो की आणखी आखडते, चाललो की मोकळी होते. मागच्या वर्षी एक डोळा लाल होऊन दुखत होता, उजेड सहन होईना. तेव्हा डॉक्टर आयरायटिस (डोळ्याच्या आतली सूज) म्हणाले होते. शिवाय सख्ख्या काकांना सोरायसिस आहे. हे सगळे एकाच माळेचे मणी असतील का? एचएलए-बी27 (जनुकीय खूण) आणि सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी) या रक्ततपासण्या आपणच करून घेऊ, की आधी संधिवाततज्ज्ञांना दाखवू?

बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) यासाठी आधी कुठल्या ओपीडीचा केस पेपर काढायचा? कोणाला असाच त्रास होऊन निदान झालं असेल, तर नेमकं कशावरून कळलं तेही लिहा. तेल, लेप मात्र सुचवू नका, त्यासाठी घरी आई आहे.