मादिगा म्हणजे आपल्याकडचे चांभार का मांग?

गोदाकाठ: हैदराबादला जॉबला आहे. टीममधल्या एकाने नावापुढे सरळ मादिगा, म्हणजे आपली तेलुगू जात, लावलंय. आपल्याकडे लोक जात कळू नये म्हणून आडनाव बदलतात नि हा बिनधास्त. म्हणाला चामड्याचं काम आमचं, डप्पूही (तिकडचं चामड्याचं वाद्य) आमचाच. मग आपल्याकडचे कोण म्हणायचे हे?

बल्लारशावाला: भाऊ अशी जोडी लावू नका, बसत नाही. आपल्याकडे कातडं कमावणारे ढोर, जोडे शिवणारे चांभार, हलगी वाजवणारे मांग, तिकडे हे सगळं एकाच जातीच्या गळ्यात. मेलेलं जनावर ओढून न्यायचं, कातडं चुन्यात भिजवून केस काढायचे, मग तरवडाच्या सालीच्या पाण्यात मुरवायचं, आणि त्यातून शेतकऱ्याचे जोडे, मोट, बैलांचे पट्टे. तरवड म्हणजे तिकडचा तंगेडू, ज्याची पिवळी फुलं बतुकम्मा या फुलांच्या सणात रचतात तोच. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे यांना मादगी म्हणतात, महाराष्ट्राच्या एससी यादीत मादगी नि मादिगा दोन्ही आहेत.

रात्रपाळी: आणि फक्त चामडं चामडं करू नका हो. ते स्वतःला जांबवंताचे वंशज सांगतात, पृथ्वीच्या सहा महिने आधी जन्मलेला तो. ही कथा म्हणजे जांबपुराण, चिंदू कलावंत रंग लावून सादर करतात आणि त्यांचे आश्रयदाते मादिगाच. डप्पूचं सांगायचं तर वाजवायच्या आधी जाळावर शेकतात, चामडं ताणलं की मग खणखणीत बोलतो, आपल्या हलगीसारखंच. तमिळनाडूतले अरुंधतियारही चामड्याच्याच कामातले, त्यांचं नाव वसिष्ठाच्या अरुंधतीवरून.

बल्लारशावाला: नावाचं राहिलंच. 1994 ला प्रकाशम जिल्ह्यातल्या एदुमुडी गावातून मंदा कृष्णा या नेत्याने मादिगा दंडोरा ही चळवळ सुरू केली. दंडोरा म्हणजे दवंडी, गावात ती पिटायचं काम यांचंच होतं, तोच शब्द चळवळीला घेतला, भारी ना. तेव्हापासून नावापुढे मादिगा लावायची लाटच आली. मागणी एससी आरक्षणात वेगळ्या वाट्याची, माला या तिथल्या दुसऱ्या एससी समाजाचा विरोध. असा वेगळा वाटा देणारा आंध्रचा वर्गीकरणाचा कायदा 2004 ला सुप्रीम कोर्टात रद्द झाला, मग 1 ऑगस्ट 2024 ला सात न्यायमूर्तींच्या पीठाने वर्गीकरण चालेल म्हटलं नि 2025 ला तेलंगणाने लागूही केलं.

गोदाकाठ: आत्ता कळलं. मी त्याला 'म्हणजे चांभारच ना' म्हणालो होतो, तो अर्धा चहा तसाच ठेवून उठला. उद्या चहा माझ्याकडून.