लकवा, झटका की पक्षाघात?

रामबागकर: इंदूरच्या मराठी ज्येष्ठांसाठी हिंदी पत्रक मराठीत करायचं आहे. ‘स्ट्रोक’ला (मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने तुंबणं किंवा फुटणं) ‘मेंदूचा झटका’ लिहिलं, तर तपासणाऱ्यांनी खोडून ‘पक्षाघात’ केलं. तो परिणाम झाला ना, रोग कुठे?

क्षिप्रा: झटका तर नकोच. इकडे झटका म्हणजे मिरगी: अंग आखडणार, तोंडाला फेस येणार. स्ट्रोकमध्ये बहुधा अंग लुळं पडतं. ‘झटका’ वाचून घरचे कांदा हुंगवत बसले, तर वेळ हातची गेली. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन ४.५ तासांच्या आत लागतं, आणि रक्तस्राव नाही हे सीटी स्कॅनमध्ये दिसल्याशिवाय देत नाहीत.

लोकमान्यनगर: हृदयविकाराचा झटका चालतो, मग मेंदूलाच सोवळं का? निदान हिंदीतला ‘दौरा’ तरी लिहू नका. मराठीत दौरा मंत्र्यांचा असतो.

क्षिप्रा: ‘पक्षाघात’ही पुरत नाही, रामबागकर. गुठळी लहान मेंदूत अडकली तर तोल जातो, गरगरतं. मेंदूच्या मागच्या भागात अडकली तर अर्धी नजर जाते. हात धड चालत असतो. म्हातारबुवा म्हणणार, मला कुठे पक्षाघात!

जुना कोश: लोकांचा शब्द लकवा. पण तो अरबी, आणि मुळात फक्त तोंड वाकडं होण्याचा. अर्ध्या अंगासाठी फालिज. आयुर्वेदातही तोंडाचा अर्दित वेगळा, अर्ध्या अंगाचा पक्षाघात वेगळा.

क्षिप्रा: भेद कामाचा आहे. स्ट्रोकने तोंड वाकडं झालं तरी कपाळाला सहसा आठ्या पडतात, कारण तिथल्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो. चेहऱ्याची नसच बिघडली तर आठ्या पडत नाहीत, डोळाही नीट मिटत नाही. मात्र ही पारख घरी करत बसायची नाही. तोंड वाकडं दिसलं की न्यायचं.

लोकमान्यनगर: ‘अंगावरून वारं गेलं’ हे का विसरलात?

क्षिप्रा: मग मफलर गुंडाळतात! शीर्षकापेक्षा आतलं वाक्य सांभाळा. ‘त्रास केव्हा झाला’ विचारलं तर झोपेतून उठल्याची वेळ सांगतील. ‘शेवटचं धडधाकट केव्हा पाहिलं’ असं विचारा. घड्याळ तिथून मोजतात.

रामबागकर: हे घेतो. शनिवारी छापायला जायचंय, शीर्षक काय ठेवू?

लोकमान्यनगर: फालिज अरबी की फारसी?

जुना कोश: अरबी. फारसीमार्गे आला.