जर्मन टेनिसपटू मायकेल स्टिच कुणाला आठवतो का?

प्रश्न (घोडबंदर रोड): लेक तेरा वर्षांची, एकहाती बॅकहँड (उलट्या बाजूचा फटका) मारते. क्लबात सगळे म्हणतात, दुसरा हात लाव. काल तिला स्टिचच्या मॅचेस दाखवल्या, तर ती टीव्हीसमोरून उठेचना. त्याच्याच देशाचा बोरिस बेकर सगळ्यांना पाठ आहे. स्टिचबद्दल कुणी सांगाल का?

उत्तर (नौपाडा): 1991 ची विम्बल्डन मी चाळीत शेजाऱ्यांच्या टीव्हीवर पाहिली. बाहेर धो धो पाऊस, अँटेना हलली की चित्र जायचं. उपांत्य फेरीत गतविजेत्या एडबर्गची सर्व्हिस एकदाही तुटली नाही, म्हणजे स्वतःच्या सर्व्हिसचा एकही गेम त्याने गमावला नाही, तरी तो स्टिचकडून हरला! 4-6, 7-6, 7-6, 7-6; तिन्ही सेट टायब्रेकवर, म्हणजे 6-6 बरोबरीनंतरच्या निर्णायक गेमवर गेले. असा सामना मी पुन्हा पाहिला नाही. फायनलला बेकर सरळ तीन सेटमध्ये गारद. पंचांनी तर सवयीने विजेता म्हणून बेकरचंच नाव पुकारलं, मग सुधारलं. स्टिचच्या वाट्याला कायम हेच आलं, याचं मला आजही वाईट वाटतं. पुढच्याच वर्षी बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये स्टिच आणि बेकर दोघांनी मिळून दुहेरीचं सुवर्ण जिंकलं.

उत्तर (वाशी): 1993 विसरू नका. वर्षअखेरच्या स्पर्धेत सॅम्प्रासला हरवलं, देशांच्या संघांचा डेव्हिस कपही जर्मनीला आणला. 1996 ला फ्रेंच ओपनची फायनल, म्हणजे मातीच्या कोर्टवरसुद्धा! खांद्याने दगा दिला, 1997 ला अठ्ठाविसाव्या वर्षी थांबला. शेवटची विम्बल्डनही उपांत्य फेरीपर्यंत खेळला.

प्रश्नकर्ता: काका, मनापासून आभार. आज सकाळी तिने कोर्टवर डावा हात मुद्दाम मागे सोडून मारला. चेंडू रेषेवर पडला. तिचा हात आता मी बदलू देणार नाही.