चष्म्यातली चमक : पोलरायझर काढा, घोंगडी टांगा

छपरीत बसलेल्या आजोबांचा फोटो काढताना त्यांच्या चष्म्यात अख्खं अंगण पांढरं उमटतं, पोलरायझरनंही (लेन्सपुढं लावायचा, चमक कापणारा फिल्टर) जात नाही, असा प्रश्न आलाय. पोलरायझरचा खरा गुण काचेच्या लंबरेषेपासून साधारण 56 अंशांवर दिसतो. समोरासमोर तो जवळपास निकामी, वर दीड-दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). काढूनच ठेवा.

काचेत दिसतं ते कॅमेऱ्यामागचं ऊन. म्हणून आपल्या पाठीशी काळी घोंगडी टांगा, आजोबांना अंगणाकडे खांदा करून बसवा. उरलेल्या चमकीसाठी चष्म्याच्या काड्या कानावरून अर्धा सेंटिमीटर उचला, काचा खाली झुकतात. फार उचलल्या तर फ्रेमची कड डोळ्यांवर येते. आणि हो, झुकलेल्या काचेत जमीन दिसते; तिथं उन्हाचा पट्टा असेल तर गडद सतरंजी अंथरा.