मनातलं माणूस जिवलग मैत्रिणीला पहिल्यांदा कुठे सांगितलंत?

पणजीत अष्टमीच्या फेरीत, म्हणजे जत्रेत, बारा वर्षांनी शाळेतली मैत्रीण भेटली. खाज्याचा पुडा हातात, आणि पहिलाच प्रश्न, "मागीर? ताचें कितें जालें गो?" (मग? त्याचं काय झालं गं?) तो म्हणजे कोण, हे विचारावं लागलं नाही. त्याच्याशीच लग्न झालं, हे सांगून मग सासूची साखर, मुलाची शाळा, भाड्याचं घर असं सगळं बोलत मांडवीच्या काठी तासभर उभ्या राहिलो. मनातलं माणूस आपण आईच्या आधी मैत्रिणीला सांगतो. तुम्ही कुठे सांगितलंत? पुढे काय झालं तेही लिहा.

चोडण
रायबंदरच्या फेरीबोटीत. तेव्हा पायी जाणाऱ्याला तिकीट नव्हतं, त्यामुळे बोलणं संपेपर्यंत आम्ही उतरतच नसू, त्याच बोटीने परत. तो जहाजावर कामाला, सहा-सहा महिने दिसायचा नाही. ते सहा महिने मला तिने सांभाळलं. आता ती वास्कोला असते. रोज सकाळी फोन स्पीकरवर ठेवून दोघी आपापल्या ओट्यावर बांगडे साफ करतो.

फोंडा
मला साक्षीदार हवी होती, म्हणून सांगितलं! गोव्यात मांडवाआधी सिव्हिल रजिस्ट्रारकडे सही असते, तीही दोनदा, मध्ये काही दिवस सोडून. मला वाटलं ती लाजवेल, चिडवेल. तिने विचारलं, "त्याच्यावर कर्ज किती आहे?" आपल्याकडे 1867 चा पोर्तुगीज नागरी कायदा अजून चालतो. लग्नाआधी वेगळा करार केला नाही तर दोघांची मालमत्ता सामाईक होते. हे मला ऐकून ठाऊक होतं, पण प्रेमात असं विचारायचं असतं हे ठाऊक नव्हतं. पहिली सही झाली होती. तीन रात्री झोप नाही. चौथ्या दिवशी त्याला विचारलं. तो गप्प बसला, मग घरी जाऊन बँकेची पुस्तकं घेऊन आला आणि टेबलावर ठेवली. वडिलांच्या आजारपणाचं कर्ज होतं. माझा जीव त्या दिवशी त्याच्यावर खरा जडला. दुसऱ्या सहीला मैत्रीण सुरंगीचा वळेसार घेऊन आली, अर्धा माझ्या केसांत, अर्धा तिच्या. अशी मैत्रीण प्रत्येकीला मिळो.

डिचोली
देवळाच्या उत्सवाच्या नाटकाची तालीम. मी प्रॉम्प्टिंगला, मित्र पेटीवर. त्याला म्हटलं, "रे, मला ती आवडते." तिचं लग्न दुसरीकडे झालं. मित्राने आजवर तिचं नाव काढलेलं नाही. दर वर्षी तालीम संपली की तो मला घरापर्यंत सोडतो, वाट वाकडी करून.

पणजी
माझं वय 61. नवरा जाऊन सात वर्षं झाली. गेल्या चवथीला शेजारची मैत्रीण माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची रानफळांची आरास, बांधायला आली होती. ती स्टुलावर, मी खालून कवंडळं, कांगलां, सुपारीचे घड वर देत होते. वर न बघता सांगून टाकलं की, एक ओळखीचे गृहस्थ मला संध्याकाळी मिरामारच्या किनाऱ्यावर फिरायला बोलावतात. ती गाठ मारता मारता थांबली. म्हणाली, "मागीर वच गो. सांजवेळा घरांत बसून कितें करतलें?"

गेले. येत्या रविवारी पुन्हा जाणार आहे.